घरच्या नेटवर्कला वेगळी सर्व्हर ओएस लागते का? आधी कागद घ्या, पेनड्राइव्ह नंतर

दिवाळीच्या आधी साडूचा सांगलीहून फोन आला. तो टॅक्सची कामं करतो, घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस, तीन कॉम्प्युटर, हाताखाली दोन पोरं. म्हणाला, "अरे एका व्हेंडरनं कोटेशन दिलंय, टॉवर सर्व्हर, त्यात विंडोज सर्व्हर, वर लायसन्सचे पैसे वेगळे, घेऊ का?" मी म्हटलं तुझं अडतंय कुठं ते सांग आधी. तर म्हणे टॅली मधेच लटकतं. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की डेटा ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याच्यावर बसणारा पोरगा दुपारी जेवायला उठला की वीस मिनिटांनी ते मशीन स्लीपमधे जातं आणि बाकीचे दोघं बोंबलतात. पॉवर सेटिंगमधे स्लीपला 'नेव्हर' केलं. संपला विषय.

मी मात्र शहाणा नाही बरं का, मी बरोबर उलटं केलेलं आहे. गरज काय ते न बघता आधी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली, मग तिला काय काम द्यायचं ते शोधत बसलो, आणि वर्षभर वीज जाळली. तेव्हा हा लेख त्या क्रमानं लिहितोय ज्या क्रमानं मी करायला पाहिजे होतं.

मुळात वेगळं काय असतं

सर्व्हर ओएस, म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरना फाइली वगैरे पुरवणाऱ्या मशीनची ओएस, म्हटलं की लोकांना वाटतं आत काहीतरी जास्त दमाचं इंजिन असणार. उबुंटू ही लिनक्सवरची फुकट ओएस घ्या, तिच्या डेस्कटॉप आणि सर्व्हर या दोन्ही रूपांची पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे) एकाच भांडारातून येतात, सर्व्हरवाल्यात फक्त खिडक्या आयकॉन काही नसतं, काळा पडदा आणि लॉगिन. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ हीसुद्धा सख्खी भावंडं. फरक आहे तो मुभा कशाकशाची आहे त्यात. साध्या विंडोजच्या लायसन्सप्रमाणे एका मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरला एका वेळी २० उपकरणं जोडता येतात (एक्सपी प्रोच्या काळात १० होती), आणि रिमोट डेस्कटॉपनं (म्हणजे दुसरीकडे बसून या मशीनचा पडदा उघडून) एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. होम एडिशन असेल तर रिमोट डेस्कटॉपनं तुमच्या मशीनमधे शिरताच येत नाही आणि डोमेनला (ऑफिसातली सगळी मशीन एका जागेहून सांभाळायची व्यवस्था) पण जोडता येत नाही. आता घरात मोजा, मोबाइल टीव्ही लॅपटॉप सगळं धरून एकाच वेळी एकाच मशीनचं फोल्डर उघडून बसलेली २० उपकरणं कोणाकडे असतात? माझ्याकडे लग्नघर असतानाही नव्हती.

विंडोज सर्व्हरची खरी गरज पडते ती समजा साडूची दोन्ही पोरं आपापल्या घरून, एकाच वेळी, एकाच मशीनवर लॉगिन करून टॅली चालवायला लागली तर. तिथे साधं विंडोज आडवं येतं, मग विंडोज सर्व्हर, त्यावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, आणि माणशी त्याचं लायसन्स असा सगळा संसार लागतो. स्टँडर्ड एडिशनची छापील किंमतच हजार डॉलरच्या वर आहे, लायसन्स कमीत कमी १६ कोअरचं घ्यावं लागतं, वर प्रत्येक वापरणाऱ्याचं ॲक्सेस लायसन्स वेगळं. १८० दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी फुकट मिळते, मी तीच टाकली होती, आणि ती मुदत संपल्यावर दर तासाला आपणहून बंद पडते. शिवाय माझ्या जुन्या डेस्कटॉप बोर्डाच्या लॅन चिपचा ड्रायव्हर सर्व्हर एडिशनवर बसेचना, त्यात एक अख्खा रविवार गेला. मायक्रोसॉफ्टनं खास घरांसाठी २००७ मधे विंडोज होम सर्व्हर काढलं होतं, २०११ मधे त्याची पुढची आवृत्ती आली, मग गुंडाळलं, एप्रिल २०१६ ला सपोर्टही संपला. घरासाठी विंडोज सर्व्हर हा विषय माझ्या मते तिथेच संपला.

म्हणजे खरा प्रश्न साधं विंडोज पुरेल की लिनक्सवाली एखादी सर्व्हर ओएस टाकायची, एवढाच उरतो.

पायरी १: आठवडाभर कागदावर लिहा

फ्रिजवर कागद लावा. घरात नेटवर्कवरून काय काय पाहिजे असतं ते जेव्हा आठवेल तेव्हा लिहायचं आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: कोणाला पाहिजे, केव्हा पाहिजे, आणि बंद पडलं तर किती वेळ चालेल. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच कोणी लिहीत नाही.

माझा कागद असा झाला: मोबाइलमधले फोटो एका ठिकाणी (बायकोला आणि मला, रोज, आठवडाभर बंद राहिलं तरी चालेल). टीव्हीवर घरातले जुने व्हिडिओ (बाबांना, रात्री नऊनंतर, बंद पडलं तर बाबा बातम्या लावतील). प्रिंटर (मुलीला, प्रोजेक्टच्या आदल्या रात्री अकरा वाजता, बंद पडलं तर मी मेलो). जाहिराती अडवणारं पाय-होल (फक्त मला, हौस). लॅपटॉपचा बॅकअप (सगळ्यांना पाहिजे असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात कोणी विचारत नाही).

आता यात बघा, 'कोणी कॉम्प्युटरसमोर नसताना चालू पाहिजे' असं नक्की काय आहे? फोटो आणि बॅकअप, बास. प्रिंटर स्वतःच वायफायवर असतो, त्याला सर्व्हर नको. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तरी बाबा खूश. अशा कामांची संख्या शून्य किंवा एक आली तर वेगळी ओएस टाकू नका, पायरी २ आणि ३ एवढंच करा. दोन-तीन आली आणि ती एकाहून जास्त माणसांची असली तर पुढे विचार करण्यात अर्थ आहे.

बाकी फोटोंचं दुखणं मला मान्य आहे. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवणं १ जून २०२१ पासून बंद झालं, १५ जीबी मेल-ड्राइव्ह सगळं मिळून, आणि मला वाटतं घराघरात सर्व्हरची हौस सुरू झाली ती तिथूनच.

पायरी २: आधी वायर तपासा

ही पायरी टाळू नका. पाचेक जीबीची एकच मोठी फाइल घ्या आणि लॅनच्या वायरनं एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करा, वायफायवर नाही. सेकंदाला ११०च्या आसपास एमबी आले तर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस (हे बिटमधे मोजतात, आठ बिटांचा एक बाइट), नीट चाललंय, फाइल पाऊण मिनिटात जाते. ११च्या आसपास अडकलं तर कुठेतरी १०० एमबीपीएसचाच रस्ता आहे, तीच फाइल साडेसात मिनिटं खाणार, आणि मग जगातली कुठलीही सर्व्हर ओएस टाका, साडेसात मिनिटंच लागणार.

माझ्याकडे ११ येत होते. राऊटर गिगाबिटचा, दोन्ही मशीन गिगाबिटची, डोकं फुटायची वेळ आली. शेवटी हॉलमधल्या वायरचा प्लग डोळ्याजवळ धरून टॉर्चनं बघितला तर आत आठपैकी चारच तारा होत्या, बाकीच्या चार मागेच कापून टाकलेल्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि ज्यानं कधीकाळी ते कनेक्शन जोडलं त्याच्या काळात चार तारांत भागत असणार. क्रिंपिंग टूल आणून दोन्ही टोकं नव्यानं मारली, ११चे १०९ झाले. सर्व्हर घ्यावा वाटण्याचं निम्मं कारण त्या प्लगमधे होतं.

राऊटरला एखादा स्वस्त स्विच जोडलेला असेल तर त्याचे पोर्ट १०० चे आहेत की १००० चे तेही बघून घ्या.

पायरी ३: आहे त्या विंडोजवर महिनाभर चालवून बघा

घरात जे मशीन बहुतेक वेळ चालू असतं ते घ्या. त्यावर एक वेगळा लोकल युजर करा, त्याला पासवर्ड द्या, कारण बिनपासवर्डचा युजर नेटवर्कवरून आत घेतला जात नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, तिथे परवानगी द्या. मग शेजारच्या सिक्युरिटी टॅबमधेही त्याच युजरला परवानगी द्या, दोन्हीकडे जी जास्त कडक असेल ती लागू होते आणि लोक एकीकडे देऊन दुसरीकडे विसरतात. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. स्लीप बंद. राऊटरमधे जाऊन त्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून ठेवा.

इथे दोन ठेचा हमखास लागतात. एक म्हणजे तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत असाल तर रोजचा चार आकडी पिन शेअरला चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो कोणालाच आठवत नसतो, म्हणून तर वेगळा लोकल युजर करायला सांगितलं. दुसरं, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खरेपणाची सही, सक्तीचं झालं आणि प्रो एडिशनवर पाहुणा म्हणून बिनपासवर्ड घुसणंही बंद झालं, त्यामुळे राऊटरच्या यूएसबीला लावलेली हार्डडिस्क काल दिसत होती आणि आज दिसत नाही असं बऱ्याच घरांत झालं. नेटवर त्याचे उपाय म्हणून ही सुरक्षाच बंद करायला सांगतात, ते करू नका, शेअरला नीट युजर-पासवर्ड द्या, आणि राऊटर तेवढाही शहाणा नसेल तर ती डिस्क कॉम्प्युटरला लावा. आणि एसएमबीची पहिली आवृत्ती तर चुकूनही चालू करू नका, मे २०१७ मधे वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस त्याच भोकातून पसरलं होतं.

महिनाभर हे चालवा आणि कुरकुर लिहून ठेवा. खरंच सांगतो, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वेगळी ओएस कधी लागते

महिन्याच्या कुरकुरीत पुढचं काही दिसलं तर मात्र लागते. मशीन मुलीचं पण आहे आणि ती गेम लावून बसली की टीव्हीवरचा व्हिडिओ अडकतो. विंडोज अपडेट रात्री मशीन रिस्टार्ट करतं आणि सकाळपर्यंत लॉगिन स्क्रीनवर बसतं, त्यामुळे लॉगिन झाल्यावर सुरू होणारे प्रोग्राम बंद. डिस्क मेली तरी काम थांबू नये असं वाटतंय. किंवा कोणीतरी चुकून फोल्डर उडवलं आणि कालची अवस्था परत पाहिजे. या शेवटच्यासाठी स्नॅपशॉट (त्या क्षणी डिस्क कशी होती त्याची नोंद) लागतात आणि झेडएफएस किंवा बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती) असलेल्या ओएसवर ते इतके स्वस्तात होतात की दर तासाला घेऊन ठेवता येतात. मला विचाराल तर घरच्या सर्व्हरचं सगळ्यात मोठं सुख स्पीडमधे नाही, स्नॅपशॉटमधे आहे, कारण आमच्याकडे 'डिलीट झालं' हे वाक्य आठवड्याला एकदा ऐकू येतं.

आणि अजून एक प्रश्न स्वतःला विचारायचा. तुम्ही पंधरा दिवस बाहेर असाल तर हे कोण बघणार? मी गणपतीत चिपळूणला होतो, पुण्यात बायको. रात्री फोन, "नेट बंद आहे." मी म्हटलं राऊटर बंद करून चालू कर. केला. "तरी बंदच आहे, आणि राऊटरचा दिवा तर हिरवा दिसतोय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातल्या सगळ्या उपकरणांचा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) मी पाय-होलकडे वळवला होता, ते रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या कॉम्प्युटरवर चालायचं, आणि लाइट जाऊन आल्यावर त्याचं मेमरी कार्ड खराब झालं होतं. इंटरनेट ठणठणीत, पण नावाचा पत्ता सांगणाराच मेलेला. शेवटी फोनवरून बायकोला राऊटरच्या पानावर नेऊन डीएनएस बदलायला लावला, पाऊण तास गेला, आणि त्या पाऊण तासातलं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून ज्यावर अख्ख्या घराचं नेट अवलंबून आहे असं काही मी हौसेच्या मशीनवर ठेवत नाही.

विजेचा हिशोब

जुना टॉवर फुकट पडलाय म्हणून तोच वापरू, असं सगळे म्हणतात. प्लगमधे लावायचा छोटा वॉट मीटर मिळतो, तो लावून बघा. माझा टॉवर काही न करता ५५ वॅट खायचा. दिवसाला १.३२ युनिट, महिन्याला जवळपास ४०. आणि हे ४० युनिट तुमच्या बिलात नेहमी वर जाऊन बसतात, म्हणजे १००च्या पुढच्या महाग स्लॅबमधे. हिशोबाला सोपं म्हणून युनिटला १० रुपये धरा, महिन्याला ४०० रुपये, वर्षाला पावणेपाच हजार. तेच १० वॅट खाणारा छोटा मिनी पीसी महिन्याला सात युनिट, वर्षाला साडेआठशे-नऊशे रुपये. फुकटचा टॉवर दोन-तीन वर्षांत जुन्या मिनी पीसीची किंमत खाऊन बसतो. ऑफिसांतून निघालेले ते पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघायला मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न घेणारी बरीच मशीन अशीच निघाली, लिनक्सला ती उत्तम चालतात. टीव्हीसाठी व्हिडिओ बदलून पाठवायचे असतील तर सातव्या पिढीपासून पुढचा इंटेल बघा, त्यात एचईव्हीसीचे (फार दाबून साठवलेले) व्हिडिओ प्रोसेसरला घाम न फोडता उलगडतात.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. साध्या मोडमधे लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो त्यात पंखा फिरत राहतो पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. तसा मोड नसेल तर छोटा यूपीएस घ्या. आणि बायोसमधे (मशीन सुरू होताना उघडणारं सेटिंगचं पान) 'लाइट आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंग लावून ठेवा.

टाकायचंच ठरलं तर कोणती

फक्त फाइली, फोटो आणि एखाद-दोन सर्व्हिसेस असतील तर ओपनमीडियाव्हॉल्ट. डेबियनवर बसलेलं आहे, ब्राउझरमधून चालतं, कमी रॅमवर भागतं. ती सिस्टिमसाठी एक डिस्क वेगळी धरते, म्हणून एखादी जुनी छोटी एसएसडी लावा.

सारख्या मापाच्या दोन किंवा जास्त डिस्क आहेत आणि डेटाची खरंच काळजी आहे तर ट्रूनॅस. रॅम कमीत कमी ८ जीबी, आणि डिस्क थेट साटाला (बोर्डावरच्या डिस्कच्या जोडणीला) जोडलेल्या पाहिजेत, यूएसबीच्या डब्यातल्या डिस्कवर झेडएफएसचा खेळ करू नका. डिस्क घेताना ती एसएमआर (एकावर एक पट्टे चढवून लिहिणारी) नाही ना एवढं विचारा, मिरर (तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर) दुरुस्त करायची वेळ आली की त्या रडतात.

वेगवेगळ्या मापाच्या डिस्क पडल्यात तर अनरेड, पण त्याला पैसे पडतात. प्रॉक्समॉक्स व्हिडिओंत फार भारी दिसतं, एका मशीनवर दहा मशीन वगैरे, पण पहिला सर्व्हर म्हणून ते घेऊ नका. काहीतरी बंद पडल्यावर दोष आतल्या मशीनचा की बाहेरच्याचा हेच कळत नाही. आणि काळ्या पडद्याची भीती नसेल तर सरळ डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी) आवृत्ती टाका, २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, त्यावर फाइल शेअरसाठी सांबा, बास. तयार नॅसचा (नेटवर्कवर फाइली ठेवायच्या) डबा घेणं हाही चांगला रस्ता आहे, त्याच्या आतही वेगळी सर्व्हर ओएसच असते, फक्त अपडेटची काळजी दुसरा कोणी करतो आणि त्याचे पैसे आपण देतो.

टाकताना डेटाच्या डिस्क काढून ठेवा. फक्त सिस्टिमची डिस्क लावून इन्स्टॉल करा, मग मशीन बंद करून बाकीच्या लावा. इन्स्टॉलर डिस्क निवडायला सांगतो तेव्हा सगळ्या नावांत एकच अक्षर वेगळं असतं आणि रात्री साडेबाराला ते दिसत नाही, कसं कळलं ते विचारू नका. मग महिनाभर जुना शेअर आणि नवा सर्व्हर दोन्ही चालू ठेवा, फाइली हलवू नका, कॉपी करा.

बाहेरून बघायचं असेल तर राऊटरमधे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं दार) उघडू नका. जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस डब्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. तसंही बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, राऊटरच्या वॅन (बाहेरच्या कनेक्शनच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामाईक आयपीमागे आहात आणि पोर्ट उघडून उपयोगही नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं, वायरगार्डवर चालणारं टेलस्केल टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे फोल्डर उडालं की दुसरीकडे त्याच क्षणी उडतं. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर. आमची बाहेरची प्रत म्हणजे एक यूएसबी डिस्क, गणपतीला आणि होळीला माझ्याबरोबर चिपळूणला जाते आणि आधीची परत येते. २०२१ च्या जुलैत चिपळूणात पाणी भरलं तेव्हापासून ती माळ्यावर ठेवतो.

सध्या आमच्याकडे १० वॅटचा मिनी पीसी आहे, ओपनमीडियाव्हॉल्ट, फोटोंसाठी इमिच, टीव्हीसाठी जेलीफिन. पाय-होल फक्त माझ्या लॅपटॉप-मोबाइलपुरतं. राऊटरच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, बायकोच्याच अक्षरात: "नेट गेलं तर राऊटर बंद-चालू करणे. काळ्या डब्याला हात लावू नये, त्याचा नेटशी संबंध नाही. फोटो दिसत नसतील तर हे घरी आल्यावर बघतील."